तळलेलं दगडफूल

आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या कडेला वाढायची ओली चटणी नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण आणि सगळा गरम मसाला तेलात तळून घ्यायचा, डंकावर नेऊन कुटून आणायचं आणि बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवायचे. मग आमटी असो, भाजी असो, मटण असो, त्यातलाच चमचा. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून द्यावं लागतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनाही द्यावं लागलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

मी विश्वजित चौगुले, लिफ्टचा मेकॅनिक. शाहूपुरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बोलायला मी जरा फटकळ आहे, आणि गेल्या वर्षापासून तर कुणाचं मन राखायची ताकदही उरलेली नाही.

माझी बायको शर्वरी काळजीची धनी होती. तशी काळजी सगळ्याच बायका करतात, असं माझी थोरली बहीण, आक्का, म्हणायची. पण ही काळजी वेगळी होती. आमची कनक झाली तेव्हापासून शर्वरी तिच्या नाकापुढे तळहात धरून बसायची. श्वास लागतोय ना, बघायला. तान्ह्या बाळाला ठीक आहे हो, पण पोरगी सात वर्षांची झाली तरी दुपारी जरा डोळा लागला की हिचा तळहात तिच्या नाकाशी. शाळेच्या गाडीमागून स्कूटर घेऊन जायची. गॅसचं बटण बंद करून जिन्यातून तीनतीनदा परत यायची. आक्का दरवर्षी वडणग्याहून आपल्या हातची चटणी पाठवायची. त्यात बुरशी असली तर, या धास्तीने शर्वरी ती कामवाल्या मावशींना देऊन टाकायची आणि दुकानातलं सीलबंद पाकीट आणायची. आक्काला हे कळलं तेव्हा ती दोन सण आमच्याकडे आलीच नाही.

"मला वेड लागलेलं नाही विशू," शर्वरी एकदा म्हणाली. "मला सगळं कळतं. गॅस बंद आहे हे कळतं. पण आत जी घंटा वाजते ना, ती कळून थांबत नाही."

औषधं झाली, समुपदेशन झालं. मग पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या नव्या उपचाराबद्दल तिनेच वाचलं आणि तिनेच नाव नोंदवलं. मी नको म्हणत होतो. मेंदूत काहीतरी घालणार, हे मला पटत नव्हतं. ती म्हणाली, "मला पोरीला शाळेत सोडून घरी यायचंय. आणि घरी आल्यावर घरीच असायचंय. एवढंच मागतेय मी."

मी अर्जावर सही केली.

तिथल्या डॉ. शेफाली नाडकर्णींनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. बाई चांगल्या, हे आजही म्हणेन.

"शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पडदा असतो," त्या म्हणाल्या. "बाहेरचं सहसा काही त्यातून आत शिरत नाही. पण बाहेर काय चाललंय ते आत कळायला तर हवं. म्हणून त्या पडद्यात काही प्रथिनं ओवलेली असतात. एखाद्या लांब दोऱ्याने कापडाला सात टाके घालावेत तशी, सात वेळा आरपार. त्यांचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेरच्या भागात एक खाच असते. त्या खाचेत नेमका बसणारा रेणू आला की अख्खं प्रथिन किंचित पिळतं, आणि आतल्या बाजूला टेकून बसलेलं दुसरं प्रथिन सुटं होऊन कामाला लागतं. ते तिसऱ्याला उठवतं, तिसरं चौथ्याला. रेणू स्वतः आत जातच नाही. फक्त निरोप जातो."

"लिफ्टचं बटण," मी म्हटलं. "बोट बाहेरच राहतं, लिफ्ट हलते."

त्या हसल्या. "अगदी तेच. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. यांच्या त्या पेशी फार हळव्या आहेत. आम्ही एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून त्या पेशींना एका नव्या बटणाचा आराखडा पोचवणार. पेशी ते प्रथिन स्वतःच तयार करतील. या बटणाचा निरोप एकच, शांत हो. शरीरातलं कुठलंही रसायन ते दाबू शकणार नाही, अशी त्याची खाच आम्ही बदललीय. ते दाबणार फक्त आमची गोळी. सकाळी घ्यायची, संध्याकाळी उतरते. रात्री थोडी काळजी परत येईल. ती येऊ द्यायची. काळजी पूर्ण मारायची नाहीये आपल्याला."

"आणि खाण्यातल्या कशाने ते दाबलं गेलं तर?" शर्वरीने विचारलं. हा प्रश्न तिच्याशिवाय कुणाला सुचणार होता?

"तपासलंय. धान्यं, फळं, भाज्या, वाण्याकडचे सगळे मसाले. एकेक आणून, वाटून, अर्क काढून. काहीही बसत नाही त्या खाचेत."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

उपचार लागू पडला. शर्वरी कनकला गाडीत बसवून हात हलवून घरात यायची आणि गाणं म्हणत पोळ्या लाटायची. रंकाळ्यावर आम्ही तिघं गेलो तर पोरगी कठड्याजवळ पळायची आणि ही भेळ खात बसायची. संध्याकाळी गोळी उतरली की जरा चुळबुळ व्हायची, कनकच्या नाकाशी एकदा हात जायचा, पण एकदाच. कनक मला म्हणाली, "पप्पा, मम्मी आता मज्जेशीर झालीय."

मे महिन्यात शर्वरीने आपणहून आक्काला फोन लावला. "आक्का, या वर्षी आमचीपण चटणी कुटा. पाकिटातलं खाऊन कंटाळा आला."

आक्का फोनवरच रडली. मिरची निवडण्यापासून सगळं तिने स्वतः केलं, दगडफूल तेलात तळून त्याचा काळा घमघमाट वडणग्याच्या गल्लीभर केला, आणि भावजयीने मागितली म्हणून दुप्पट चटणी घेऊन आली. "खा पोरी," म्हणाली. "आता कुठं माझ्या भावाच्या घराला चव आली." शर्वरीने बरणी उघडून वास घेतला, बुरशीचं नावही काढलं नाही. त्या दिवशी आम्ही मटण केलं. इतकं सुखाचं जेवण आमच्या घरात त्याआधी झालं नव्हतं.

श्रावण येईपर्यंत तिच्या गोळ्या सुटल्या. सकाळची गोळी विसरायला लागली आणि विसरली तरी काही बिघडेना. संध्याकाळची चुळबुळही थांबली. पुण्याला कळवलं तर तिकडच्या ज्युनियर डॉक्टरने अभिनंदन केलं. मेंदू शिकला असेल म्हणाला, काहींचा शिकतो. आम्हाला आनंद झाला. कनकच्या नाकाशी हात जायचा पूर्ण बंद झाला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला ते चांगलंच लक्षण वाटलं.

गणपतीनंतर मी रत्नागिरीला गेलो. नव्या हॉस्पिटलच्या इमारतीत चार लिफ्ट बसवायच्या होत्या. मागे कनकला ताप आला. शर्वरीने फोनवर सांगितलं, "ताप आहे थोडा. क्रोसिन दिलीय." तिचा आवाज इतका निवांत होता की मी जेवण झालं का एवढंच विचारलं. पूर्वी पोरगी शिंकली तरी हिचे वीस फोन यायचे, आणि मी वैतागून सोडून द्यायचो. तिच्या घाबरण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. तिच्या न घाबरण्यावर मात्र पक्का बसला होता. ही घाबरत नाही म्हणजे घाबरण्यासारखं काही असूच शकत नाही.

पुढचे दोन-तीन दिवस तेच. मग एकदा म्हणाली, "ताप उतरला. पोट दुखतंय म्हणते, झोपून आहे." मी म्हटलं, चला, सुटलो.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. हे मला आता माहीत आहे. शर्वरीला तेव्हाही माहीत होतं, तिने असल्या सगळ्या आजारांवर रात्र-रात्र वाचलेलं होतं. हल्ली शाळेतून मुलांच्या मनगटाला पट्टी देतात, ती नाडी आणि ताप मोजते. त्या पट्टीचा इशारा आईच्या फोनवर आला होता, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. शर्वरीने तो वाचला. कनकचे हात गार पडलेत हेही तिने पाहिलं. संध्याकाळी नेऊ, असं ठरवून ती कणीक मळायला गेली.

लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की बझर वाजतो. मग लोक चिडतात आणि एखादा नाइलाजाने उतरतो. वजन जास्त आहे हे सगळ्यांना दिसत असतंच, पण बझर वाजल्याशिवाय कुणी उतरत नाही. माणसाचंही तसंच असतं, हे मला माझ्या घरात शिकायला मिळालं. शर्वरीला सगळं दिसत होतं. तिचा पाय उचलेना.

शेजारच्या काकूंनी कनकला पाहिलं आणि उचलून दवाखान्यात नेलं. मी रत्नागिरीहून पोचलो तेव्हा पोरगी आयसीयूत होती. पहाटे गेली.

घर माणसांनी भरलं. शर्वरी सगळ्यांना चहा विचारत होती. कनकच्या वर्गशिक्षिका आल्या आणि रडायला लागल्या, तर हिने त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. आक्का मला आत ओढून म्हणाली, "तुझी बायको माणूस हाय का दगूड? लेकरू गेलं तिचं." मी आक्कावर ओरडलो, पण मलाही तेच विचारायचं होतं.

मी विचारलंही. माणसं पांगल्यावर विचारलं. ती पलंगावर बसून कनकचे फ्रॉक घड्या घालत होती.

"मला कळतंय विशू," ती म्हणाली. "रडायला पाहिजे हे कळतंय. मी आत शोधतेय, पण सापडत नाही. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते, आणि तिथं नव्हतेच. असं कसं झालं?"

आणि हे सगळं ती पावसापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात बोलली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. त्यानंतर रोजच तसं रडायचो. पोरीसाठी रडायचो आणि एकट्याला रडावं लागतं म्हणूनही रडायचो. खरं सांगतो, शर्वरीचा मला द्वेष वाटायचा.

दिवाळीआधी डॉ. नाडकर्णी स्वतः घरी आल्या. चेहरा उतरलेला. कोल्हापूर, सांगली, सातारा इथल्या त्यांच्या आणखी काही पेशंटांचं असंच झालं होतं. गोळी सुटलेली, आणि तरी माणूस थंड. कऱ्हाडचा एकजण भरल्या नदीच्या पुलावरून गाडी घालून वाहून गेला होता. पुण्या-मुंबईचे पेशंट मात्र ठीक होते. तेव्हा या तीन जिल्ह्यांत काय वेगळं खातात, हे शोधत त्या घरोघर फिरत होत्या. शर्वरीने त्यांना चहा दिला, आमची जेवणाची पद्धत सांगितली आणि डब्यात घालून थोडी चटणीही दिली.

पुढच्या खेपेला त्या माझ्या वर्कशॉपवर आल्या. मुद्दामच.

"दगडफूल," स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. "आम्ही ते कच्चं तपासलं होतं. कच्च्यात काही नाही. पण तुम्ही ते तेलात तळता, मग कांदा-लसणाबरोबर कुटता आणि महिनोन् महिने बरणीत मुरवता. गरम तेलात त्यातलं एक द्रव्य बदलतं, आणि जे तयार होतं ते आमच्या खाचेत बसतं. गोळीपेक्षा घट्ट बसतं. आणि ते तेलात विरघळणारं आहे, म्हणून शरीरातल्या चरबीत साठून राहतं."

"बटणात काडी खुपसल्यासारखं," मी म्हटलं.

"हो. बटण दाबलेलंच राहतं. त्या पेशी बोलतच नाहीत. भीती तिथून उठते, आणि दुःखाचा पहिला हुंदकाही तिथूनच उठतो."

"काडी काढायची कशी?"

"चटणी बंद करा. काही आठवड्यांत साठा उतरेल. पण चौगुले, एक लक्षात घ्या. चौकशी लागलीय, गोळी सगळीकडे बंद केलीय. तेव्हा जे येईल ते अडवायला माझ्याकडे काही नाही. त्यांना लेक गेल्याचं कळेल. आणि कशी गेली तेही कळेल. आत्ता त्यांना माहीत आहे, पण कळलेलं नाही. दोन्ही एकदम येईल. तुम्ही एकटे राहू नका तेव्हा, कुणालातरी बोलावून घ्या. मला फोन करा, मी येईन."

मी म्हटलं, मी सांगतो तिला.

नाही सांगितलं. घरी गेलो, बरणी उघडली आणि आमटीत नेहमीचा चमचा घातला. तोवर स्वयंपाक मीच करायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशीही घातला. रोज घालताना वाटायचं, आज नको. ती पहिल्यासारखी व्हावी, माझ्या गळ्यात पडून रडावी, या घरात मला सोबत व्हावी, यासाठी जीव तुटायचा. मग वाटायचं, जी बाई गॅसच्या बटणासाठी तीनदा परत यायची, तिला ती दुपार आठवली, गार हात आठवले, कणकेचं ताट आठवलं, तर ती जगेल का? आणि चमचा पडायचा. असा हिवाळा गेला.

बरणीचा तळ दिसायला लागला तेव्हा एका सकाळी जेवताना शर्वरीने विचारलं, "डॉक्टरीणबाईंनी चटणी नेली होती. काय निघालं तिच्यात?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, घास चावत होती. मग तिने ताट बाजूला सारलं.

"मग बंद कर."

"तुला समजतंय का काय होईल?"

"समजतंय. भीती वाटत नाही, म्हणून तर आत्ताच ठरवते. नंतर मला ठरवता येणार नाही." तिने माझा हात धरला. "माझी पोरगी गेली आणि मी तिच्यासाठी एकदापण रडले नाही विशू. हे बरोबर नाही ना? मला वाटत काहीच नाही, पण हिशोबाने बघितलं तरी बरोबर नाही. बंद कर. आणि एक कर. मी नंतर मागेन. पाया पडेन तुझ्या. देऊ नकोस."

"शर्वरी..."

"वचन दे."

दिलं.

आक्काला बोलावून घेतलं आणि खरं काय ते तिला सांगितलं. तिच्या हातच्या चटणीने झालं हे तिला कसं सांगायचं, म्हणून आधी दोन दिवस टाळलं होतं. ऐकल्यावर तिने पदर तोंडाशी धरला. मग उठून बरणी मागच्या मोरीत रिकामी केली, राखेने घासली आणि उन्हात पालथी घातली. पण त्याआधीच मी त्यातली एक छोटी बाटली भरून माझ्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली होती. का ठेवली, माहीत नाही. असू दे म्हटलं.

मग आम्ही वाट बघत राहिलो. कुठल्याही आईबापाने अशी वाट बघू नये. जेवण अळणी, घर चिडीचूप. शर्वरी रोज सांगायची, अजून काही नाही. एकदा जिन्यातून परत आली आणि गॅसचं बटण बघून गेली. आक्काने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो होतो. झोप लागली असावी. जाग आली ती नाकापाशी काहीतरी ऊबदार जाणवलं म्हणून. डोळे उघडले तर शर्वरी पलंगाच्या कडेला बसली होती, आणि तिचा तळहात माझ्या नाकापुढे होता.

"चालू आहे गं," मी म्हटलं. "श्वास चालू आहे माझा."

तिने हात काढला नाही. "हात गार होते तिचे," ती म्हणाली. "विशू, गार होते. मी धरून बघितले होते. मी बघितले होते आणि कणीक मळली."

मग जो आवाज तिच्या तोंडून निघाला त्याला मी रडणं म्हणणार नाही. आक्का धावत आली. दोघांनी मिळून तिला धरलं तरी आवरेना. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला होता. आणि मग, सांगितलं होतं तसंच, तिने चटणी मागितली. आधी हळू मागितली. मग माझे पाय धरले.

"एक चमचा दे. एकच. तू ठेवलेली असशील कुठंतरी, मी ओळखते तुला. नाही सहन होत मला. दे ना रे."

"दे रं तिला," आक्का रडत म्हणाली. "मरंल ती. कसलं आलंय वचन."

मी पिशवी उघडली. पाना-पकडींखालून बाटली काढली. शर्वरीने हात पुढे केला. ती आता कशी दिसत होती, ते मी पाहिलं. सुजलेले डोळे, विस्कटलेले केस, सगळा जीव त्या बाटलीत. आणि तरी ती माझी शर्वरी होती. कनकची आई होती. किती महिन्यांनी घरात आली होती.

मी मोरीत गेलो आणि बाटली नळाखाली धरली. लाल तेल हाताला चिकटलं, ते साबणाने दोनदा धुतलं. मागे ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि मला शिव्या देत होती. तिने कधी कुणाला दिल्या नसतील अशा शिव्या. वचन दिलं होतं म्हणून मी ओतलं, की मला एकट्याला आता रडवत नव्हतं म्हणून ओतलं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हात पुसून मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. तिने मला एकदा मारलं, दोनदा मारलं, मग माझ्या खांद्याला धरून राहिली. आक्का दिवा लावायला उठली. नंतर आम्ही दोघं कनकचं नाव घेऊन रडलो, पहिल्यांदाच, बरोबर.